चार्जर थंड होईपर्यंत

मापसाहेब वारले ते भर सभेत, बोलता बोलता, ‘प्रामाणिकपणा’ या शब्दाच्या ऐन मध्यावर. निदान निवृत्त कर्मचारी संघाच्या सभासदांचं तरी असंच मत पडलं. संघाची सभा हल्ली ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या पडद्यावर भरते. मापसाहेब बोलायला उभे राहिले होते (बसून बोललं तरी चालतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं), “प्रामाणि” एवढं म्हणाले, तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजले आणि पुढच्या क्षणी काळोखात गेले. फोन लावावा तर तो उशीखाली गप्प पडलेला. संघाचे अध्यक्ष जाणते गृहस्थ होते. तोंड उघडं ठेवून गेलेले बरेच सभासद त्यांनी पाहिले होते. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, शांतता पाळली, आणि खजिनदारानं मापसाहेबांबद्दल जे चार शब्द काढले ते इतके चांगले होते, की नंतर ते कानावर आले तेव्हा हा माणूस भलत्याच कुणाबद्दल बोलला असावा, असा संशय खुद्द मापसाहेबांनाच आला.

तर ते वारले नव्हते. लॅपटॉपची बॅटरी संपली होती, आणि चार्जर खालच्या मजल्यावर दादांकडे गेला होता.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात सगळी हयात गेली; दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, खोड सुटली नाही. खिशात टेप आणि पिशवीत पातळी बघायची पाणसळ घेतल्याशिवाय ते कुणाच्या घरी जात नसत. बायकोनं “चिमूटभर मीठ टाका” म्हटलं, की “कुणाच्या चिमटीनं?” असं विचारणारा हा माणूस. बायकोनं या प्रश्नाला संसारात एकदाही उत्तर दिलं नाही, म्हणून संसार टिकला.

दादा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. त्याच इमारतीत, एक मजला खाली. निवृत्त भूगोल शिक्षक. पण निवृत्तीनंतर त्यांनी पृथ्वी सोडून दिली आणि सुतारकाम धरलं. पहिलं पुस्तकांचं कपाट स्वतःच्या हातानं केलं, तेव्हा सगळे नातेवाईक बघायला जमले. “वा! वा!” चाललं होतं. आणि मापसाहेबांनी पिशवीतून पाणसळ काढून वरच्या फळीवर ठेवली. बुडबुडा सगळ्यांच्या देखत एका बाजूला सरकला. “दादा,” मापसाहेब म्हणाले, “फळी उजवीकडे उतरतेय.”

त्या दिवसापासून दादा वर यायचे बंद झाले. बायको म्हणाली, “जाऊन माफी मागा.” मापसाहेब म्हणाले, “माफी कसली? बुडबुडा काय मी सरकवला?”

दोन्ही घरांत अबोला पडला तो कितीतरी दिवस टिकला, आणि कदाचित दोघांपैकी एकाच्या खऱ्याखुऱ्या शोकसभेपर्यंत टिकला असता. पण फार पूर्वी, भांडणाआधी, दोघा भावांनी एकाच दुकानातून जोडीनं एकसारखे लॅपटॉप घेतले होते. दादांचा चार्जर जळाला. वहिनींनी तो ताबडतोब भंगारात दिला, कारण घरात जळका वास ठेवायचा नाही असा त्यांचा नेम. मग एक दिवस दादा दारात येऊन उभे राहिले. आत न पाहता, जिन्याशी बोलावं तसं म्हणाले, “चार्जर.”

मापसाहेबांनी चार्जर आणला. हा चार्जर म्हणजे एक वीट होती. विटेएवढाच जड आणि भट्टीतून काढल्यासारखा गरम. दादांनी हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. “असा गरम गुंडाळला तर वायर जाते,” ते म्हणाले. “थंड होऊ दे.” आणि थंड होईपर्यंत माणूस उभा कसा राहणार? बसले. बसल्यावर चहा आला. चहा आला म्हणजे दोन शब्द आले.

तेव्हापासून हाच रिवाज पडला. सकाळी चार्जर वर, मापसाहेबांकडे. जेवणं झाली की दादा तो न्यायला येत, टेबलावरच्या विटेवर तळहात ठेवत, वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटत आणि म्हणत, “अजून आहे.” मग गप्पा. शाळेतले मास्तर, वडिलांची सायकल, कोण कुठं गेलं, कोण गेलंच. कपाटाचा विषय कुणी काढत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच चार्जर परत आणून देत, आणि तेव्हाही तो गरम असे, म्हणून पुन्हा जरा बसत.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मापसाहेबांना ती माहीत नव्हती, पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. दादांचा लॅपटॉप केव्हाच मेला होता. आधी पडदा गेला, मग सगळाच गेला आणि वहिनींच्या नेमाप्रमाणे भंगारात गेला. दादा चार्जर घरी न्यायचे आणि त्या कपाटावर ठेवून द्यायचे. सकाळी तो खिडकीत उन्हाला ठेवायचे, आणि वापरल्यासारखा तापला की परत आणून द्यायचे. ढगाळ दिवशी स्वयंपाकघरात गरम भांड्याला टेकवून ठेवत. एका माणसानं दुसऱ्याकडे जायला काहीतरी काम लागतं, विशेषतः दोघेही सख्खे भाऊ असले तर. आणि दादांकडे या विटेखेरीज दुसरं काम उरलं नव्हतं.

हे वहिनींना ठाऊक होतं. वहिनींनी शपथ घालून मापसाहेबांच्या बायकोला सांगितलं होतं. आता तुम्हाला ठाऊक झालं. राहिले एकटे मापसाहेब; आणि ते त्या दिवशी मेल्यातून परत आले होते, आणि मेल्यातून परत आलेल्या माणसाचा स्वाभिमान काही विचारू नका.

“बस्स झालं,” ते बायकोला म्हणाले. “एका चार्जरपायी माझ्यासाठी लोक उभे राहिले!”

“तुमच्यासाठी लोक उभे राहिले हे चांगलंच की,” बायको म्हणाली. “खात्यात असताना बसल्या जागेवरून हलत नव्हते.”

“दादालाही किती त्रास. या वयात रोज वरखाली. आता ज्याचं त्याचं हवं.”

“दादांनी तक्रार केलीय का?”

“तो करणार नाही. पण मला दिसत नाही का?”

“नाही दिसत,” बायको म्हणाली आणि आत गेली. शपथ ही फार वाईट गोष्ट आहे.

नवा चार्जर विकत घ्यावा हा सरळ मार्ग होता, आणि म्हणूनच तो बंद निघाला. कंपनीनं तसे चार्जर काढणं केव्हाच सोडलं होतं. दुकानदारानं नकली दाखवला. मापसाहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, “यावर शिक्का कुठाय?” दुकानदार म्हणाला, “शिक्क्याचं काय लोणचं घालायचंय, काका? चालतोय ना?” यानंतर त्या दुकानात मापसाहेबांनी सचोटीवर जे भाषण केलं ते संघाच्या सभेतल्यापेक्षा पुष्कळ लांब होतं, आणि इथं बॅटरीही संपत नव्हती.

अशा वेळी माणसाला शेजारी आठवतो. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. इमारतीत त्यांना ‘चालतंय’ म्हणत, कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तेच असे. गळका नळ, वाकडा जिना, जावयाचा स्वभाव, सगळं चालतंय. मापसाहेबांनी आयुष्यभर ज्या शब्दाशी लढा दिला तो शब्द हा माणूस श्वासासारखा वापरत असे. पण त्यांना विजेतलं कळतं अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवलेली असल्यामुळे पक्की होती.

“मापसाहेब, जुना चार्जर विसरा,” चालतंय म्हणाले. “आता सगळीकडे ते नवं चपटं टोक. टाइप-सी! फोनला तेच, हेडफोनला तेच, सगळ्याला एक वायर. तुमच्या लॅपटॉपला पण बसवू. नखाएवढी एक पट्टी येते. ती भिंतीतल्या चार्जरला सांगते, बाबा रे, मला वीस व्होल्ट दे. तो देतो.”

“माझ्या लॅपटॉपवर साडेएकोणीस लिहिलंय.”

“वीस चालतंय.”

“अर्धा व्होल्ट जास्त?” मापसाहेबांचा आवाज कापरा झाला. याहून कमी फरकासाठी त्यांनी भरल्या बाजारातून लोकांचे तराजू उचलून नेले होते. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पण दुपारी चार्जर न्यायला आलेले दादा विटेवर हात ठेवून “अजून आहे” म्हणाले, तेव्हा मापसाहेबांना वाटलं, काय हे माझ्या भावाचं ताटकळणं! आणि मनातल्या मनात त्यांनी तो अर्धा व्होल्ट सोडून दिला. माणूस पहिल्यांदा घसरतो तो असाच, भलेपणानं.

पट्टी आणि तिच्यासोबतचा नवा चार्जर चालतंय यांनी मागवला. पार्सल आलं, पण घरी आलं नाही. पार्सल कचेरीत अडकलं. मापसाहेब स्वतः गेले. खिडकीमागच्या कारकुनानं पाकीट वर करून वाचलं.

“मापसाहेब. हेच नाव का?”

“हो.”

“ओळखपत्र?”

मापसाहेबांनी दिलं. कारकुनानं पाहिलं आणि परत केलं. “हे दुसऱ्याचं आहे.”

“अहो, माझंच आहे. फोटो बघा.”

“फोटो तुमचा आहे. नाव दुसऱ्याचं आहे. पार्सल मापसाहेबांचं आहे.”

चालतंय यांना शेजाऱ्याचं खरं नाव माहीतच नव्हतं. मापसाहेबांनी पुष्कळ समजावलं; मीच मापसाहेब, सगळे मला मापसाहेब म्हणतात. कारकून शांतपणे म्हणाला, “लोक मला पण काय काय म्हणतात. मी त्या नावानं पार्सल सोडवत नाही. तुम्हाला या नावानं ओळखणारा जबाबदार माणूस आणा. घरातला, वडीलधारा.”

शिक्क्याशिवाय कुणाचं काही न मानलेल्या माणसाला कुणीतरी शिक्का मारून आणायला सांगत होतं. त्यांना राग यायला हवा होता. पण कारकुनाचं काम इतकं चोख होतं, की आतल्या आत त्यांना त्याचं कौतुकच वाटलं, आणि त्यामुळे अपमान जास्तच झोंबला. वडीलधारं म्हणजे एकच उरलं होतं.

दादा लगेच निघाले. ‘कशाला’ हेही विचारलं नाही. भावानं कामासाठी बोलावलं याचाच त्यांना एवढा आनंद झाला होता, की इस्त्रीचा सदरा घालून आले.

“तुम्ही यांना ओळखता?” कारकुनानं विचारलं.

“जन्मापासून.”

“यांना मापसाहेब म्हणतात?”

“म्हणतात. का म्हणतात, तेही सांगू का?”

“दादा, पुरे,” मापसाहेब म्हणाले. पण रांगेतल्या लोकांना ऐकायचं होतं. दादांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, लहानपणी हा खाऊचे दोन तुकडे करून फूटपट्टी लावायचा, आणि मोठा निघालेला मला द्यायचा. रांग हसली. कारकूनही हसला. पार्सल सुटलं. मापसाहेबांना ती फूटपट्टी आठवत होती. मोठा तुकडा कुणाला द्यायचे, हे मात्र ते विसरले होते.

परत येताना दादांनी विचारलं, “आहे काय यात?”

मापसाहेबांनी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. “आता तुला माझ्यासाठी खोळंबायला नको. चार्जर तुझ्याकडेच ठेव. माझं स्वतंत्र होतंय.”

दादांनी पाकीट त्यांच्या हातून घेऊन उलटून पाहिलं. मग म्हणाले, “हा नवा गरम होतो का रे?”

“अजिबात नाही!”

“बरंच झालं मग,” दादा म्हणाले, आणि पाकीट मापसाहेबांच्या हातात नीट दिलं.

शस्त्रक्रिया जेवणाच्या टेबलावर झाली. बायकोनं स्क्रू-ड्रायव्हर दोनदा लपवला. एकदा चमच्यांत, एकदा धुण्यात. मापसाहेबांनी दोन्ही वेळा तो शोधला आणि घरात वस्तू जागच्या जागी नसतात यावर थोडं बोलले. प्रत्येक स्क्रू काढून त्यांनी आपल्या खासगी तराजूत तोलला. लॅपटॉपचं नेमकं चित्र आधीच काढून ठेवलं होतं. नवं टोक कुठं बसणार, किती रुंद, किती उंच, सगळं केसाइतकं अचूक. मग खालचं झाकण वेगळं काढून टेबलावर ठेवलं, रेघा मारल्या, आणि कानशीनं घासत घासत असं चौकोनी भोक पाडलं, की कुठल्याही खात्यानं डोळे झाकून शिक्का मारावा.

“सुंदर,” चालतंय म्हणाले. “पण डावीकडे हवं होतं ना?”

झाकण पालथं पडलं होतं. भोक अचूक होतं, फक्त लॅपटॉपच्या दुसऱ्या टोकाला होतं, पंख्याच्या समोर.

“चालतंय हो,” चालतंय म्हणाले. “हवा खेळेल.”

दुसरं भोक पाडताना त्यांनी टेप वापरली नाही, नुसतं नजरेनं पाडलं. बायको दारातून पाहत होती. तिला त्यांची एकदम दया आली.

शेवटी पट्टी बसली, सोल्डरचा डाग दिला, झाकण लागलं, भिंतीतून नवी चपटी वायर आली, आणि लॅपटॉप सुरू झाला. चालतंय यांनी टाळी वाजवली. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली. तिचा मतलब असा: चार्जरची ओळख पटत नाही. लॅपटॉप चालेल, पण बॅटरी चार्ज होणार नाही.

“हे काय?”

“अरे हो,” चालतंय म्हणाले, “तुमची कंपनी असं करते खरी. जुन्या चार्जरच्या टोकाला मधोमध एक बारीक पिन असते ना, तिच्या मुळाशी एक कणाएवढी चिप असते. ती लॅपटॉपला सांगते, मी आपल्यातलाच आहे. नव्याकडे ते ओळखपत्र नाही.”

“मग?”

“मग जुन्याचं टोक कापायचं. चिप काढायची, इथं जोडायची. झालं.”

“आणि जुना चार्जर?”

“तो काय, नुसती वीट.”

मापसाहेबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. चार्जर आपला असला तरी अर्धा दादांचा होता, आणि दुसऱ्याच्या मापात हात घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुपार होत आली होती. वीट टेबलावर होती. दादा आले, आत आले, सवयीनं हात विटेवर ठेवायला गेले. वीट थंड होती, कारण त्या दिवशी ती कुणी लावलीच नव्हती. दादांनी हात काढला नाही.

मापसाहेबांनी सगळं सांगितलं. “तू नाही म्हणालास तर नाही कापणार. आणि कापलं तर तुझाही लॅपटॉप मी करून देतो. पट्ट्या जोडीनं आल्यात. जा, घेऊन ये.”

“माझा?” दादा दचकले. “माझा कशाला?”

“म्हणजे? तू चार्ज कशानं करणार?”

“माझं… माझं फोनवर भागतं हल्ली.”

“मग रोज चार्जर का नेतोस?”

आत कपबशी ठेवल्याचा आवाज थांबला. दारात बायको उभी होती. दादांनी एक वाक्य बोलायचं होतं फक्त. दादांनी मदत मागावी तसं तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. पण या भावासमोर एकदा सगळ्यांदेखत बुडबुडा सरकला होता.

“अधूनमधून लागतो,” दादा म्हणाले. “तसं काही अडत नाही. काप.”

“अहो, राहू दे ना,” बायको म्हणाली. “दोघांचं मिळून बरं चाललंय की.”

“अगं, तोच म्हणतोय.”

“काप, काप,” दादा म्हणाले आणि उठले. “मला काय.”

“चहा?”

“नको. आज गरम नाहीये ना तो.”

मापसाहेबांना वाटलं, दादा आता मोकळा झाला. त्यांनी पक्कड घेतली आणि टोक कापलं.

यावेळी सगळं बिनबोभाट जमलं, आणि कामं नेमकी नको तेव्हाच अशी जमतात. चिप मिळाली, जोडली गेली, पाटी गेली, बॅटरीचं चित्र भरू लागलं. चालतंय यांनी आपण हे कसं केलं ते इमारतीत सगळ्यांना सांगितलं. मापसाहेबांनी संघाच्या पुढच्या सभेत ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत उच्चारला. यावेळी कुणी उभं राहिलं नाही. दोघे तर झोपले होते.

दुपार आली. जेवणं झाली. मापसाहेब वर्तमानपत्र घेऊन टेबलाशी बसले. नवा चार्जर भिंतीला होता, साबणाच्या वडीएवढा. हात लावला तर गार. बायकोनं सवयीनं तीन कप मांडले आणि एक परत ठेवला. जिन्यावर पावलं वाजली. मापसाहेबांनी मान वर केली. पावलं वरच्या मजल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला म्हटलं, “दादा बरा आहे ना?”

“बरे आहेत.”

“मग येत कसा नाही?”

“कशाला येतील?” बायको म्हणाली. मापसाहेबांनी विचार केला, आणि त्यांना खरोखरच काही सापडेना. प्रश्न सोपा होता. हिशेब जुळत होता. चार्जर नाही, म्हणून दादा नाही. तरी कुठंतरी माप चुकल्यासारखं वाटत राहिलं.

त्यांना वाटलं, दादा रागावला. आपण आपलं करून घेतलं आणि त्याचं तसंच राहिलं. मग उरलेली पट्टी, स्क्रू-ड्रायव्हर, कानस, सगळं पिशवीत घेऊन ते खाली गेले. किती दिवसांनी गेले, ते त्यांनाच आठवेना. वहिनींनी दार उघडलं. दादांच्या चपला दारात नव्हत्या.

“भाऊजी! तुम्ही?”

“दादाचा लॅपटॉप द्या. करून टाकतो आत्ताच. तो नसताना करतो म्हणजे नाही म्हणायला नको.”

वहिनींनी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बहुधा शपथ आपण दुसऱ्याला घातली होती, स्वतःला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

“कसला लॅपटॉप, भाऊजी? तो कधीच भंगारात गेला.”

“कधी?”

“झाला काळ. इथं फक्त चार्जर यायचा. तो त्या फळीवर ठेवायचे. फळी उतरती, चार्जर जड. रात्रभरात उजवीकडे घसरायचा, आणि मी येता-जाता डावीकडे ढकलायचे.” वहिनी हसल्या. मग हसू ओसरलं. “सकाळी उन्हात ठेवायचे. मी म्हणायचे, अहो, नुसतं जा की वर. तर म्हणायचे, नुसतं कसं जाणार?”

मापसाहेबांनी पिशवी खाली ठेवली. “आत्ता कुठाय तो?”

“घड्याळवाल्याच्या दुकानात. दुपारी तिथंच बसतात हल्ली. तो कुणाकुणाची घड्याळं उघडतो, हे बघत बसतात. खुर्चीसुद्धा ठरलीय म्हणे त्यांची.”

मापसाहेब वर आले. बायको भाजी निवडत होती.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही माप घेतलं असतं,” बायको म्हणाली. ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून ते फार लागलं.

ते लॅपटॉपसमोर बसले. जुन्या चार्जरचं गोल भोक गेलं होतं. तिथं चौकोनी होतं. जुनी वीट कोपऱ्यात पडली होती, तिला तोंड नव्हतं. हे सगळं उलटं करता येतं का, असं त्यांनी चालतंय यांना विचारलंसुद्धा. “कशाला?” चालतंय म्हणाले. “चालतंय ना?” आणि आयुष्यात पहिल्यांदा मापसाहेबांना या शब्दाचा राग आला नाही, रडू आलं.

संध्याकाळी ते लॅपटॉप काखेत घेऊन खाली गेले. दार दादांनीच उघडलं.

“काय रे?”

“वर प्लगचं काहीतरी झालंय,” मापसाहेब म्हणाले. “इथं लावू का जरा?”

दादा बाजूला झाले. मापसाहेबांनी वायर लावली. पडदा उजळला. दादांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

“पूर्ण भरलेली दाखवतोय की.”

“दाखवतो तसं,” मापसाहेब म्हणाले. “आतून रिकामी आहे.”

ज्या माणसानं जन्मात कुणाला खोटं माप दिलं नाही, त्यानं ते दिलं, आणि तेही शिक्षकासमोर. दादा वाकलेले होते ते सरळ झाले.

“मग वेळ लागेल,” ते म्हणाले. “बस.”

बसले. वहिनींनी चहा आणला. पण पूर्वीची गोष्ट वेगळी होती. पूर्वी एकजण खोटं बोलत होता आणि दुसऱ्याला पत्ता नव्हता, त्यामुळे गप्पांना खाली पक्की जमीन होती. आता वहिनींमुळे दोघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. वाक्यं इस्त्री करून बाहेर येऊ लागली. वडिलांच्या सायकलीचा विषय निघाला, तो सायकलीपाशीच संपला. दादांनी हात लांब करून नव्या चार्जरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“गारच आहे,” ते म्हणाले. “थोडा तरी तापायला हवा होता रे.”

“हो ना,” मापसाहेब म्हणाले.

चहा संपला. आणखी बसायला काही कारण उरलं नाही, तेव्हा मापसाहेबांनी वायर गुंडाळली. ती लगेच गुंडाळली गेली. दारापर्यंत दादा सोबत आले.

“उद्या लावायचा असेल तर ये,” ते म्हणाले. “पण संध्याकाळी ये. दुपारी मी नसतो.”

“बरं,” मापसाहेब म्हणाले.

जिन्याच्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं, की संध्याकाळी म्हणजे नेमकं किती वाजता, हे विचारायचं राहिलं. ते थांबले. मागे वळले. खाली दादांचं दार अजून लागलं नव्हतं. मग त्यांना भीती वाटली, की विचारलं तर दादा एक वेळ सांगतील, आणि सांगितलेली वेळ कधीतरी संपते. ते न विचारताच वर गेले.